नाल्याकडची भिंत

चिक्कडपल्ली, हैदराबाद
२९ ऑगस्ट २०००

प्रतापदादा, नमस्कार.

मी जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. फोन अजून मुका आहे आणि तुमच्या लेकानं, गौतमनं तुम्हाला काय कळवलं असेल याचा मला अंदाज आहे. त्याच्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत पाणी शिरलं नाही, म्हणजे हैदराबादेत पूर आला नाही.

गुरुवारी पहाटे हुसेनसागराचं पाणी आपल्या मागच्या नाल्यात मावेना. साडेपाचला मी दार उघडलं तर अंगणात घोट्याएवढं होतं. सात वाजता खालच्या खोल्यांत छातीपर्यंत. मी जिन्यावर बसून माझ्या पलंगाला खोलीत फिरताना बघत होते. पुस्तकांची दोन कपाटं गेली. फ्रिज तेवढा वर चढवला होता, तो वाचला. मागची भिंत पडली.

आणि नामदेव गेला. मागच्या झोपडीतला नामदेव पाटोळे, तुम्हीच पंच्याण्णव साली चिठ्ठी देऊन पाठवलेला. त्याची बायको सावित्रीबाई वाचली, ती तेव्हा माझ्याकडे होती. शनिवारी गोलनाक्याच्या पुढं प्रेत सापडलं. तिनं सरकारी दवाखान्यात जाऊन ओळखलं. पण तिच्याकडे कागद कुठला? ती पोचायच्या आधीच त्यांनी 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे पन्नास' असं लिहून टाकलं होतं. लिहिलेलं खोडायचं म्हणजे साहेबाची सही, आणि साहेब पुराच्या कामात. मीच मधे पडून प्रेत ताब्यात घेतलं. कागदावर मात्र तो अजून अनोळखीच आहे.

शनिवारीच मंत्री आले. पाणी उतरल्यावर, पांढऱ्या बुटांत. चौकात एक होडी आणून ठेवली होती. तीत बसून त्यांनी फोटो काढून घेतला. होडी जमिनीवर होती. मग शाळेत तांदूळ वाटला. आमच्या गल्लीतली माणसं, ज्यांच्या दारात मारुती उभी असते ती, पिशव्या घेऊन पहिल्या रांगेत. मी गेले नाही. सरकारी तांदळासाठी उभं राहायची वेळ अजून आली नाही.

आता विचारायचं ते विचारते. काल मदतीची यादी लागली. यादी घर नंबरावर केलेली आहे, कॉम्प्युटरवर छापलेली, मोठ्या दिमाखाची. माझं नाव आहे. सावित्रीबाईचं नाही, नामदेवाचं मेलेल्यांतही नाही. झोपडीला नंबर नाही म्हणून माणूस नाही. तुम्ही त्र्याण्णवच्या भूकंपात अधिकारी म्हणून हीच कामं केलीत. हे नाव यादीत कसं घालायचं, तेवढं कळवा.

तुमची,
त्रिवेणी


नांदेड
४ सप्टेंबर २०००

चि. त्रिवेणी, आशीर्वाद.

पत्र मिळालं. जीव वाचला, बाकी सामान पुन्हा येतं. तुझे केशवराव असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

तुझा राग समजू शकतो, पण तुला सरकारी कामाची कल्पना नाही. आपत्ती आली की पहिल्या दिवशी माणसं रडतात, दुसऱ्या दिवशी मदत मागतात आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्याला जास्त मिळालं म्हणून भांडतात. भूकंपानंतर माझ्याकडे एकोणीस गावं होती. ज्यांच्या घराचा टवका उडाला नव्हता त्यांनी पहारीनं स्वतःच्या भिंती पाडल्या आणि म्हणाले, साहेब, पंचनामा करा. अशा लोकांत मी तीन वर्षं काढली. माणसांविषयी माझं मत तेव्हापासून जे झालं ते झालं. राज्य सरकारनं मदत देताना कुठंतरी रेघ मारावीच लागते, आणि रेघेबाहेरचा प्रत्येक जण ओरडतोच.

तुमचा मंत्री होडीत बसला याचंही नवल नको. आमचे मंत्री ढिगाऱ्यावर बसले होते.

नाल्याच्या काठावर झोपडी बांधायची आणि पाणी आलं की सरकारच्या नावानं बोटं मोडायची, हा कुठला न्याय? नामदेवाचं वाईट झालं. पण ओळख पटवणं हे पोलिसांचं काम, आणि रहिवास सिद्ध करणं हे बाईचं. तू त्यात पडू नकोस. तू यादीत आहेस, तुला मिळेल ते घे, आणि नको असेल तर त्यातलं तिला दे. प्रश्न मिटला.

एक मात्र नीट लक्षात ठेव. मागच्या भिंतीबद्दल कुठल्याही कागदावर सही करू नकोस. भिंत किती मागं होती, कधी बांधली, झोपडी भिंतीच्या आत होती की बाहेर, कुणी विचारलं तर तुला माहीत नाही. तुझ्या घराच्या जागी फ्लॅट बांधण्याबद्दल बिल्डरशी आपलं बोलणं जवळजवळ पक्कं झालं आहे. चैत्रात गौतमचं लग्न. केतकीच्या घरच्यांना वरच्या मजल्याच्या फ्लॅटचं आपण सांगून बसलो आहोत. या वेळी नकाशाची भानगड नको.

तब्येतीला जप. पाणी उकळून पी.

प्रताप


चिक्कडपल्ली
११ सप्टेंबर २०००

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की मीही गल्लीतल्या लोकांबद्दल हेच लिहिलं होतं, फक्त माझी भाषा जरा बरी होती.

सावित्रीबाईला घेऊन महसूल कार्यालयात गेले. चार दिवस गेले, एकदा नाही. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब आहेत पण व्हिडिओवर मोठ्या साहेबांशी बोलतायत. राजधानीतल्या राजधानीत टीव्हीवर बोलायची ही नवी तऱ्हा निघाली आहे. तिसऱ्या दिवशी वीज नाही म्हणून यादी उघडत नाही. मी कारकुनाला म्हटलं, कागदावरची बघा. तो माझ्याकडे असा बघू लागला जसं मी त्याला भूर्जपत्र मागितलंय. पस्तीस वर्षं मी जामबागेच्या शाळेत पोरांना मराठी शिकवलं, पण कुणाकडे इतक्या सहज तुच्छतेनं बघायचं मला कधी जमलं नाही. घरी आल्यावर वाटलं, जमलंही असेल. पोरं कुठं सांगायला आली.

बाहेरच्या बाकावर सावित्रीबाई बसायचीच नाही. भिंतीला टेकून उकिडवी. मी दोनदा म्हटलं, बाकावर बस. म्हणाली, बाई, मला सवय आहे.

चौथ्या दिवशी साहेब भेटले. पोरगेलेसे, तेलुगू, बोलायला सभ्य. म्हणाले, "अम्मा, मैं मानता हूँ के ये औरत सच बोल रही. मगर मेरेकू कागद होना." त्यांनी वाट सांगितली. घरमालकीण म्हणून मी लिहून द्यायचं की हे कुटुंब पाच वर्षं माझ्या आवारात राहत होतं आणि नामदेवाचा मृत्यू त्याच आवारात झाला. मग ते मोजणीदार पाठवतील, पंचनामा होईल, आणि 'अनोळखी' खोडून नाव लागेल. मी विचारलं, मोजणी कशाची? ते म्हणाले, आवाराची. नाल्यावरची सगळी अतिक्रमणं मोजायचा हुकूम निघाला आहे.

मी कागद घेतला. उद्या लिहून आणते म्हटलं आणि घरी आले. त्याला सहा दिवस झाले.

दादा, तुम्हाला ठाऊक आहे ते मी कागदावर कधी लिहिलं नव्हतं. शहाऐंशी साली यांनी मागची भिंत बारा फूट नाल्यात नेली. तेव्हा सगळ्यांनीच नेली. स्वयंपाकघर त्याच जागेवर आहे. उरलेल्या तुकड्यात नामदेवानं झोपडी घातली, मीच घालू दिली, कारण तुमची चिठ्ठी होती आणि मला मागे राखणीला माणूस हवा होता.

आता त्या पहाटेचं ऐका. पाणी वाढायला लागलं तेव्हा मी त्या दोघांना हाक मारली. दोघं लगेच आले. सावित्रीबाईनं गाद्या वर नेल्या. नामदेवानं फ्रिज पाठीवर घेतला, दोरी कपाळाला लावून, जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत. अर्धा तास गेला त्यात. फ्रिज वर ठेवल्यावर तो म्हणाला, बाई, आता माझी पेटी घेऊन येतो. पेटीत त्यांचे कागद होते. मी म्हटलं, जा, पण लवकर ये, पुस्तकं राहिलीत. तो मागं गेला आणि भिंत पडली. नाल्यातलं पाणी बारा फूट अडवून धरलेली ती भिंत, दादा. ती झोपडीवर पडली आणि मग पाण्यानं सगळंच नेलं.

मागच्या पत्रात मी 'फ्रिज वाचला' एवढंच लिहिलं होतं.

सावित्रीबाई आता बस्तीतल्या एका बाईकडे राहते. मी वरची खोली देऊ केली, नको म्हणाली. अजून मला एक शब्द वाकडा बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सही करावी असं मला वाटतं. केली की स्वयंपाकघर जाईल, बिल्डर जाईल, गौतमचा फ्लॅट जाईल. म्हणून तुम्हाला विचारते.

त्रिवेणी


नांदेड
१६ सप्टेंबर २०००

त्रिवेणी,

विचारतेस म्हणून स्पष्ट सांगतो. सही करायची नाही.

तू मनाला लावून घेतलं आहेस. भिंत पुरानं पडली, तू पाडली नाहीस. माणूस स्वतःच्या पेटीसाठी गेला, तू ढकलला नाहीस. उद्या तू लिहून दिलंस तर होईल काय? बाईला सरकारकडून जे मिळायचं ते मिळेल, चार महिन्यांत संपेल. आणि तू साठीला टेकलेली विधवा, अर्ध्या घरात बसशील. तो पोरगेला साहेब सभ्य आहे म्हणतेस. सभ्य अधिकारी सगळ्यांत धोक्याचा. त्याला तुझ्याकडून अतिक्रमणाची कबुली हवी आहे, त्याचं टार्गेट पुरं होईल. त्यासाठी त्यानं तुझ्या भावनेला हात घातला. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आणि त्या बाईला गरीब गाय समजू नकोस. या लोकांना कार्यालयाबाहेर कसं बसायचं ते बरोबर कळतं. तिचा नवरा माझ्या कार्यालयासमोर अकरा दिवस बसला होता, हालला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा बरोबर झेंड्याच्या खांबाशी. शेवटी मलाच काहीतरी करावं लागलं. तसंच ती तुझ्या दाराशी बसली आहे, फक्त बोलत नाही एवढंच. न बोलणं ही त्यांची जुनी युक्ती आहे.

गौतमचा फोन आला होता. त्याला यातलं काही सांगितलं नाही. केतकीचे आईवडील दसऱ्यानंतर जागा बघायला पुण्याहून येणार आहेत. तोवर मागची बाजू साफ करून घे, झोपडीचा काही मागमूस राहू देऊ नकोस.

मोजणीदार आला तर घर बंद ठेव.

प्रताप


चिक्कडपल्ली
२४ सप्टेंबर २०००

प्रतापदादा,

अकरा दिवस तो तुमच्या कार्यालयासमोर कशाला बसला होता?

पाच वर्षं मी समजत होते की माझ्या भावानं भूकंपातल्या एका कुटुंबाची कणव येऊन त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी हे शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं, यांच्या वर्षश्राद्धाला जमलेल्या पाहुण्यांना सांगितलं. तुमचं पत्र आल्यावर मी सावित्रीबाईला बोलावलं नाही, मीच बस्तीत गेले. तिनं बसायला पोतं टाकलं. मी विचारलं. तिला वाटलं होतं मला ठाऊक आहे. ती म्हणाली, "बाई, तुमी साहेबाची बहीण. मला वाटलं तुमास्नी सांगूनच धाडलं असंल."

तिनं सांगितलं तसं लिहिते. चूक असेल तर दुरुस्त करा, तुम्हाला पंचनाम्याची सवय आहे.

पाटोळ्याची वस्ती ओढ्याच्या पलीकडं होती, तेवीस घरं. भूकंपानंतर पाचव्या दिवशी तुम्ही जीपमधून आलात. पाऊस होता, ओढ्याला पाणी होतं. जीप अलीकडेच थांबली. तुम्ही उतरलाही नाहीत. अलीकडून वस्तीच्या समोरच्या भिंती उभ्या दिसत होत्या. मागं सगळं भुईसपाट होतं, ते तिकडून दिसत नाही. नामदेव पाण्यातून पोहत जीपपर्यंत आला. तुमच्या माणसानं त्याला म्हटलं, साहेब उद्या येतील. तुम्ही कागदावर लिहिलंत, वस्ती सुस्थितीत.

त्या घरात नामदेवाची आई मेली होती. पण सुस्थितीतल्या वस्तीत भूकंपानं माणूस मरेल कसा? म्हणून तिच्या नावापुढं 'वृद्धापकाळ' लिहिलं. सावित्रीबाई म्हणते, म्हातारी पंचावन्नची होती आणि आदल्या दिवशी गणपती बघायला तीन कोस चालून गेली होती.

नामदेव दीड वर्ष अर्ज करत राहिला. मग झेंड्याच्या खांबाशी बसला. यादी वर गेलेली. बदलायची म्हणजे तुम्ही वस्तीवर गेलाच नव्हतात हे वर कळलं असतं. अकराव्या दिवशी तुम्ही त्याला आत बोलावलंत, चहा दिलात आणि माझ्या नावाची चिठ्ठी दिलीत. हैदराबादला माझी बहीण आहे, तिकडं काम आहे, जागा आहे. त्याला वाटलं साहेबाला दया आली. गावात कुणी त्याला विचारलं की वस्तीचं काय झालं, तर तो तुमचं नाव चांगलं घ्यायचा. ती चिठ्ठी त्यानं जपून ठेवली होती, दादा. ती त्या पेटीत होती.

तुम्ही एक माणूस तुमच्या दारातून उचलून माझ्या भिंतीखाली आणून ठेवलात. मी त्याला तिथं ठेवून घेतला, राखणीला. तुमच्यात आणि माझ्यात कमी कोण, हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवायची इच्छाही नाही. पण आज मला तुमची जितकी किळस आली तितकी त्या होडीतल्या मंत्र्याचीही आली नव्हती. तो निदान परका होता.

मी सही केली. काल शनिवार होता, कार्यालय अर्धा दिवस उघडं होतं. लिहून दिलं, की भिंत आमची, जागा नाल्याची, झोपडी माझ्या परवानगीनं, आणि माणूस माझं सामान वाचवून झाल्यावर मेला. साहेबांनी ते शेवटचं वाक्य वाचून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, अम्मा, ये लिखने की जरूरत नहीं. मी म्हटलं, राहू द्या.

आता अडलंय एका गोष्टीवर. माझं लिहिणं एकटीचं पुरत नाही, नामदेव पाटोळे हा कोण, कुठला आणि माझ्याकडे केव्हापासून, हे सांगणारा दुसरा कागद हवा. रेशनकार्ड पेटीबरोबर गेलं. तिच्या गावाकडे विचारणा पाठवली तर, तुम्हीच जाणता, तिथल्या कागदांत ती वस्ती धडधाकट आहे आणि तिथून कुणी कुठं गेलेलं नाही.

तो दुसरा कागद तुम्ही देऊ शकता. द्याल असं मला वाटत नाही.

बुधवारी सर्वपित्री आहे. तिनं मला विचारलं, कागदावर नाव नसलं तरी घास पोचतो का.

त्रिवेणी


नांदेड
१९ ऑक्टोबर २०००

त्रिवेणी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंचवीस दिवस लागले. दोन उत्तरं लिहून फाडली. पहिल्यात मी तुला सरकारी नियम समजावले होते. दुसऱ्यात ओढ्याला किती पाणी होतं ते लिहिलं होतं.

पाणी कमरेएवढं होतं. तो पोहून आला नाही, चालत आला. एवढीच दुरुस्ती. म्हणजे मीही चालत जाऊ शकलो असतो.

मला त्या दिवशी सात गावं करायची होती. मुंबईहून यादीसाठी तासातासाला बिनतारी संदेश येत होते. ज्या गावाची नुकसानीची वर्गवारी आधी पोचेल त्याचा निधी आधी सुटणार होता. चार रात्री झोप नव्हती. हे सगळं खरं आहे आणि त्यातलं काही उपयोगाचं नाही. नंतर दीड वर्ष मला झोप मिळत होती. तेव्हाही मी गेलो नाही. माझ्या नावानं गौरवपत्र आलं होतं. ते दिवाणखान्यात लावलं आहे, तू पाहिलं आहेस.

तो खांबाशी बसायचा तेव्हा मी मागच्या दारानं ये-जा करत होतो. अकरा दिवस. एका तालुक्याचा अधिकारी! त्याला चिठ्ठी लिहून दिली तेव्हा त्यानं माझ्या पायाला हात लावला. मी त्याला थांबवलं नाही. मागच्या पत्रात मी या लोकांविषयी जे लिहिलं, ते लिहिताना मला तो प्रसंग आठवत होता. आठवत असूनही लिहिलं.

गौतमला सांगितलं. बरंच बोलला. त्याच्या मते मी हे सगळं कागदावर आणायची गरज नव्हती, कारण एवढ्या जुन्या फायली आता कुणी उघडत नाही. त्याचं बोलणं ऐकताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. केतकीच्या घरच्यांना फ्लॅटचं जमत नाही म्हणून कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलेलं नाही.

सोबत कागद जोडला आहे. तुझ्यासाठी मजकूर इथं उतरवतो, म्हणजे तुला त्या बाईला वाचून दाखवता येईल:

"मी, प्रतापराव, निवृत्त उपजिल्हाधिकारी, लिहून देतो की, नामदेव पाटोळे व त्यांची पत्नी सावित्रीबाई यांस मी स्वतः ओळखतो. सन १९९३च्या भूकंपात त्यांचे घर पूर्ण पडले व नामदेव यांची आई घराखाली सापडून मरण पावली. पाहणीस मी वस्तीवर न जाता वस्ती सुस्थितीत असल्याची नोंद केली. ती नोंद खोटी आहे. या कारणाने त्यांस शासनाची मदत मिळाली नाही. सन १९९५च्या मे महिन्यात मी त्यांस हैदराबाद येथे माझ्या बहिणीकडे पाठविले व तेव्हापासून ते तिथेच राहत होते."

याची एक प्रत मी इथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः नेऊन दिली. आवक कारकुनानं शिक्का मारला, मला ओळखलं, उभा राहिला, साहेब, चहा घ्या म्हणाला. त्यानं कागद वाचला नव्हता.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

प्रताप


चिक्कडपल्ली
२ डिसेंबर २०००

दादा,

उत्तर देत आहे, कारण कसं झालं ते कळायचा तुम्हाला हक्क आहे. बाकी कशासाठी नाही.

तुमचा कागद चालला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि कुणाला न दाखवता फाइलीत लावला. मोजणीदार येऊन गेले. पंचनामा झाला. दोन पंच लागतात. आमच्या गल्लीतला एकही जण आला नाही, कारण सगळ्यांच्याच भिंती नाल्यात आहेत. शेवटी कोपऱ्यावरचा पानवाला आणि चिक्कडपल्लीच्या बाजारातली एक भाजीवाली, दोघं आले. त्यांच्याकडे मोजण्यासारखं काही नव्हतं.

नोव्हेंबरच्या वीस तारखेला पुरवणी यादी लागली. आम्ही दोघी गेलो. सावित्रीबाईला वाचता येत नाही. तिनं कारकुनाला वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं, नामदेव पाटोळे, वय पंचेचाळीस, मृत. ती म्हणाली, पुन्हा वाचा. त्यानं वाचलं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तो वैतागून म्हणाला, "अम्मा, एकच नाव किती वेळा ऐकणार?" ती जागची हलली नाही. त्यानं तिसऱ्यांदा वाचलं.

मदत मंजूर झाली आहे. हातात कधी पडेल ते त्या कॉम्प्युटरलाच ठाऊक. शहराबाहेर कुठंतरी पूरग्रस्तांना जागा देणार आहेत म्हणे, तिथं न रस्ता न पाणी. ती म्हणाली, तिथं जाणार नाही. देगलूरला लेक आहे, तिच्याकडे जाईल. काचीगुड्याहून गाडीत बसवून देते म्हटलं. म्हणाली, मला गाडी माहीत आहे, मी त्याच गाडीनं आले होते.

तुमचा मजकूर मी तिला वाचून दाखवला. अक्षर न अक्षर. तिनं सगळा ऐकून घेतला. तुमच्यासाठी काही निरोप आहे का, असं मी विचारलं. म्हणाली, "बाई, म्हातारीचं नाव सारजाबाई व्हतं. साहेबानं लिवलं न्हाई त्यात." मी कागद पुन्हा बघितला. खरंच नाही. तुम्ही 'नामदेव यांची आई' लिहिलंय.

मंगळवारी महापालिकेची माणसं आली. आधी नोटीस आली होती, मी सामान पुढच्या खोलीत आणून ठेवलं होतं. उरलेली भिंत, मोरी आणि स्वयंपाकघर अडीच तासांत गेलं. गल्लीतली मंडळी गच्च्यांवरून बघत होती. मी मूर्ख आहे हे त्यांच्यात आता सर्वमान्य झालं आहे. एकीनं तर मला ऐकू जाईल असं म्हटलं, की बाईनं स्वतःचंच घर खाल्लं. बिल्डरचा माणूसही आला होता, लांबूनच बघून स्कूटर वळवून गेला.

सावित्रीबाई नाल्याच्या पलीकडे उभी होती. केव्हा आली मला कळलं नाही. पदर खोचलेला, हात बांधलेले. ओटा पडला तेव्हा, छप्पर खाली आलं तेव्हा, ती तशीच उभी. तिच्या तोंडावर राग नव्हता, समाधानही नव्हतं. आपण परक्याचं लग्न बघतो तसं बघत होती. माणसं घमेली उचलून गेली तरी ती उभीच. मला राहवेना. मी अलीकडून हाक मारली, म्हटलं, सावित्रीबाई, ये, चहा करते.

ती माझ्याकडे, मग माझ्या मागच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "कशावर करता, बाई?"

आणि गेली. गुरुवारी ती देगलूरला गेल्याचं बस्तीतून कळलं.

तुम्ही एकदा येऊन जातो म्हणून शेजारच्यांच्या फोनवर निरोप ठेवला होतात, तो मिळाला. यायचं असेल तर या. फक्त गाडीतून उतरलात की काचीगुड्यालाच जेवून घ्या. इथं अजून चूल मांडलेली नाही.

त्रिवेणी